तबकडीचे नाव कुणी लिहिले?

संगीताच्या सीडीत गाणे असते, गाण्याचे नाव बहुधा नसते. नाव वेष्टनावर छापलेले असते, तबकडीच्या वरच्या बाजूला शाईने उमटवलेले असते. पण लेझरचा किरण जी बाजू वाचतो तिथे गायक, कवी, राग यांपैकी कशाचाच पत्ता सहसा नसतो. तरीही २००० सालच्या आसपास इंटरनेट जोडलेल्या संगणकात सीडी सरकवली की काही क्षणांत पडद्यावर गायकाचे नाव आणि गाण्यांची यादी उमटायची. ही यादी सीडीतच आहे, असे बहुतेक जण धरून चालत. जोडणी नसलेल्या संगणकावर मात्र त्याच सीडीची यादी ‘ट्रॅक १, ट्रॅक २’ एवढीच दिसे. म्हणजे यादी बाहेरून येत होती. ती कुठून आली, कुणी लिहिली आणि पुढे तिच्यावर मालकी कुणाची ठरली, याचा माग चार प्रकारच्या कागदांतून काढता येतो: सीडीचे तांत्रिक मानक, एका छोट्या प्रोग्रामचा खुला सोर्स कोड, सर्व्हरशी बोलण्याच्या नियमांची पुस्तिका आणि अमेरिकेतल्या एका खटल्याची कागदपत्रे.

पहिला कागद मानकाचा. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये सीडीचे नियम ठरवले. मुखपृष्ठाच्या रंगावरून त्याला ‘रेड बुक’ म्हणतात. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये सीडी बाजारात आली. या नियमांनुसार आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो आणि ही मोजमापे सेकंदाला ७५ फ्रेम या हिशेबाने तबकडीवर मांडली जातात. तबकडीच्या आतल्या काठाला, पहिल्या गाण्याच्याही आधी, एक अनुक्रमणिका असते. एकूण ट्रॅक किती, प्रत्येक ट्रॅक कितव्या मिनिटाला, सेकंदाला आणि फ्रेमला सुरू होतो आणि शेवटचा आवाज कुठे संपतो, एवढेच तिच्यात असते. पहिला ट्रॅक बहुधा दोन सेकंदांवर, म्हणजे १५० फ्रेमनंतर सुरू होतो. यंत्राला चौथ्या गाण्यावर उडी मारता यावी एवढाच या अनुक्रमणिकेचा हेतू होता. वेष्टनावरच्या बारकोडचा तेरा अंकी क्रमांक आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक तबकडीत घालण्याची सोय मानकात होती, पण अनेक कंपन्यांनी त्या जागा रिकाम्याच सोडल्या. नावे लिहिण्यासाठी ‘सीडी-टेक्स्ट’ ही सोय १९९६ मध्ये आली, तोवर चौदा वर्षांच्या तबकड्या विकल्या गेल्या होत्या.

मग नुसत्या वेळांवरून तबकडी ओळखता येते का? दौंड जंक्शनच्या वेळापत्रकातून गाड्यांची आणि स्थानकांची नावे खोडली आणि फक्त वेळा ठेवल्या, तरी रोजचा प्रवासी दोन थांब्यांमधल्या मिनिटांवरून सांगेल की ही सोलापूरकडची गाडी आणि ही मनमाडकडची. त्याला ते सांगता येते, कारण वेळांशी जोडलेले नाव त्याने आधी कधीतरी लक्षात ठेवलेले असते. संगणकाच्या बाबतीत हे लक्षात ठेवण्याचे काम कुणी केले, ते दुसऱ्या कागदात सापडते.

१९९३ मध्ये टी कान या अमेरिकेतल्या प्रोग्रामरने युनिक्स संगणकांवर सीडी वाजवण्यासाठी ‘एक्सएमसीडी’ नावाचा प्रोग्राम लिहिला आणि सोर्स कोडसह मोकळा वाटला. त्यात गाण्यांची नावे हाताने टाइप करून ठेवता येत. दुसऱ्या वेळी तीच सीडी घातली की ती ओळखू यावी, यासाठी प्रोग्रामला तबकडीचा एक क्रमांक हवा होता. वापरणाऱ्यांनी आपापल्या फायली ई-मेलने टी कानकडे पाठवायला सुरुवात केली आणि तो त्या सगळ्यांना वाटू लागला. पुढे स्टीव्ह शर्फ याने त्यासाठी सर्व्हर लिहिला आणि त्या साठ्याचे नाव पडले सीडीडीबी. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधला सीडी प्लेयरही टाइप केलेली नावे एका फायलीत साठवत असे, पण ती त्या एका संगणकातच राहात. एकाने लिहिलेले नाव सगळ्यांना मिळावे, ही सीडीडीबीची भर होती.

क्रमांक काढण्याची रीत सोर्स कोडमध्ये स्पष्ट दिसते. समजा, सहा अभंगांची एक सीडी आहे आणि तिचे ट्रॅक अनुक्रमे ०:०२, ८:१४, १५:४०, २३:०५, ३१:२७ आणि ४०:५१ या मिनिट-सेकंदांना सुरू होतात. शेवट ४९:३२ ला. (हा नमुना हिशेब समजण्यासाठी रचला आहे.) प्रत्येक वेळेचे सेकंद करायचे: २, ४९४, ९४०, १३८५, १८८७, २४५१. मग प्रत्येक संख्येतल्या अंकांची बेरीज: २, १७, १३, १७, २४, १२. या सगळ्यांची बेरीज ८५. ती २५५ किंवा त्याहून मोठी झाली तर २५५ ने भागून बाकी घ्यायची; इथे त्याची गरज नाही. शेवटाच्या २९७२ सेकंदांतून सुरुवातीचे २ वजा केले की एकूण लांबी २९७० सेकंद. आणि ट्रॅक सहा. संगणकाच्या सोळाच्या अंकपद्धतीत, जिथे ९ नंतर ए ते एफ ही अक्षरे येतात, ८५ म्हणजे ५५, २९७० म्हणजे ०बी९ए आणि सहा म्हणजे ०६. तिन्ही जोडले की तबकडीचा क्रमांक तयार होतो: ५५०बी९ए०६. आठ चिन्हे, संपला हिशेब. या क्रमांकात आवाजाचा एक कणही वापरलेला नाही. तबकडीवर भीमसेन जोशी आहेत की नुसता पंख्याचा आवाज, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

एवढ्या तुटपुंज्या खुणेवर किती भरवसा ठेवता येतो, हे २००७ मध्ये अनपेक्षितपणे दिसले. इंग्लंडमधली पियानोवादक जॉइस हॅटो जून २००६ मध्ये वारली. तिच्या नावावर शंभराहून अधिक सीडी निघाल्या होत्या आणि समीक्षक त्यांची स्तुती करत होते. एका श्रोत्याने तिची संगीतकार लिस्टच्या रचनांची सीडी संगणकात घातली, तेव्हा पडद्यावर नाव आले लास्लो सिमोन या दुसऱ्याच वादकाचे. आवाजाचे आलेख तपासले तेव्हा बारांपैकी दहा ट्रॅक सिमोनचेच निघाले. ‘ग्रामोफोन’ मासिकाने फेब्रुवारीत ही बातमी दिली आणि तिच्या नवऱ्याने दुसऱ्यांची ध्वनिमुद्रणे तिच्या नावावर विकल्याची कबुली दिली. समीक्षकांच्या कानांतून जे सुटले, ते वेळांच्या यादीने पकडले. अर्थात यादीने दिला तो फक्त संशय. पुरावा आवाजाच्या तपासणीतून आला. इतिहास लिहिताना हा फरक जपावा लागतो.

उलट बाजूही सोर्स कोडमध्येच आहे. ही रीत तीन-चार मिनिटांच्या दहा-बारा गाण्यांच्या तबकडीसाठी बेतलेली होती. ट्रॅक जितके कमी, तितकी खूण पुसट. एखाद्या सीडीवर एकच राग तासभर रंगला असेल तर तिला ट्रॅक एकच. तो दोन सेकंदांवर सुरू होतो, म्हणून अंकांची बेरीज कायम २. अशा तबकडीचा क्रमांक ०२ ने सुरू होणार, ०१ ने संपणार आणि मधे फक्त सेकंदांतली लांबी राहणार. म्हणजे सारख्याच सेकंदांच्या कोणत्याही दोन एकट्रॅकी तबकड्या संगणकाला एकच वाटणार, मग एकीवर मल्हार असो नि दुसरीवर समुद्राची गाज. मोठा ख्याल आणि शेवटी ठुमरी अशा दोन ट्रॅकच्या सीडीला दुसऱ्या ट्रॅकच्या सुरुवातीच्या अंकांची भर मिळते, पण चार अंकी संख्येच्या अंकांची बेरीज तिशीपलीकडे क्वचितच जाते. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताच्या तबकड्यांसाठी ही ओळखपद्धत मुळातच कच्ची होती.

तिसरा कागद सर्व्हरच्या नियमांचा. प्रोग्रामने आठ चिन्हांच्या क्रमांकासोबत सगळ्या ट्रॅकच्या फ्रेम-नोंदीही पाठवायच्या असा नियम होता. अचूक जुळणी असेल तर सर्व्हर २०० हा अंक परत करी, काहीच नसेल तर २०२ आणि ‘अचूक नाही, पण जवळचे’ असे काही असेल तर २११. या २११ मुळे एकाच संग्रहाच्या वेगवेगळ्या कारखान्यांत दाबलेल्या प्रती, ज्यांच्या सुरुवाती काही फ्रेमनी मागेपुढे असत, ओळखता येत. याच नियमपुस्तिकेत नोंदीचे वर्ग दिले आहेत. ते अकरा: ब्लूज, क्लासिकल, कंट्री, डेटा, फोक, जॅझ, मिसलेनियस, न्यू एज, रेगे, रॉक, साउंडट्रॅक. नाट्यगीताला यातले कोणते खोके द्यायचे? ते रागदारीतले म्हणून क्लासिकल म्हणावे, की नाटकातले म्हणून साउंडट्रॅक? भावगीत, लावणी, पोवाडा यांची गतही तीच. शिवाय एका वर्गात एक क्रमांक एकदाच वापरता येई. तो आधीच दुसऱ्या तबकडीने अडवला असेल तर नोंद करणारा मुद्दाम भलत्याच वर्गात नोंद टाकी. त्यामुळे वर्गाच्या नावावरून तबकडीचा संगीतप्रकार ठरवणे धोक्याचे असते.

नोंदीचा साचा याहून बोलका आहे. तबकडीच्या नावाची एक ओळ: आधी कलाकार, मग तिरकी रेघ, मग संग्रहाचे नाव. त्याखाली शून्यापासून मोजलेली गाण्यांची नावे. इंग्रजी पॉपला हे पुरते, कारण तिथे गाणारा हाच बहुधा दुकानातला मथळा असतो. मराठी गाण्याची ओळख मात्र तीन नावांनी होते: कवी, संगीतकार, गायक. संतांचा अभंग असेल तर चाल लावणाऱ्याचे नाव सांगितल्याशिवाय नोंद अपुरी. एका ओळीत यांपैकी एकच मावे. बाकीची नावे टिपणाच्या रकान्यात गेली, नाहीतर गेलीच नाहीत. लिपीचाही प्रश्न होता. सुरुवातीच्या नियमांत रोमन अक्षरांपलीकडे सोय नव्हती. युनिकोडचा स्वीकार नियमांच्या सहाव्या पातळीवर झाला. तोवर देवनागरी नाव लिहिणे अशक्य असल्याने ज्याला जसे सुचेल तसे रोमन स्पेलिंग पडले आणि एकाच गायकाची तीन-चार माणसे झाली.

‘गीतरामायण’ हे याचे चांगले उदाहरण आहे. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडक्यांचे संगीत. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्यांचे प्रसारण सुरू झाले. आकाशवाणीवर ती अनेक गायक-गायिकांनी गायली. नंतर फडक्यांनी स्वतःच्या आवाजात सगळी मुद्रित केली. मथळा एक, आवाज निराळे. एका सीडीत ५६ गीते मावत नाहीत, म्हणून संच करावा लागतो. पण सीडीडीबीला संच ठाऊक नव्हता, त्याच्या लेखी प्रत्येक तबकडी सुटी. त्यामुळे ‘पार्ट’, ‘व्हॉल्यूम’, ‘सीडी’ असे शब्द प्रत्येकाने आपल्या मनाने जोडायचे. अशा ठिकाणी मथळ्यापेक्षा ट्रॅकच्या वेळा अधिक खऱ्या बोलतात: कोणती आवृत्ती समोर आहे ते त्या सांगतात.

नाव आणि क्रमांक यांची ही ओढाताण सीडीने आणलेली नाही. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने गायिका गौहर जानचे गाणे मुद्रित केले. मूळ मुद्रणे जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तिथे तबकड्या दाबल्या जात. तिथल्या कामगारांना ना भाषा कळे ना गायकाचा आवाज, म्हणून गाणे संपताच गायकाने आपले नाव मोठ्याने सांगायची पद्धत पडली. त्या काळच्या कित्येक भारतीय तबकड्यांत ही उद्घोषणा ऐकू येते. नाव आवाजातच कोरले होते. शिवाय लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत एक क्रमांक कोरलेला असे, तो मॅट्रिक्स क्रमांक. त्याला जोडलेल्या अक्षरांवरून तबकडीचा आकार आणि मुद्रण करणारा तंत्रज्ञ कळे. लेबलावरचा विक्री क्रमांक पुनर्प्रकाशनात बदलतो, मॅट्रिक्स क्रमांक त्या मुद्रणाशीच बांधलेला राहतो. म्हणून जुन्या तबकड्यांचा अभ्यासक लेबल वाचण्याआधी तबकडी उजेडात तिरकी धरतो.

जुन्या तबकड्या नोंदवण्याचे हे काम मुंबईत संघटितपणे सुरू झाले ते सीडीडीबीच्या जरासे आधीच. १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी मानद सचिव म्हणून ती चालवली आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून संग्राहकांच्या याद्या छापल्या. १९९४ मध्ये मुंबईच्याच पॉप्युलर प्रकाशनाने मायकेल किनियर यांचे ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय मुद्रणांची क्रमवार नोंद देणारे पुस्तक काढले. एकीकडे लेबले आणि मॅट्रिक्स क्रमांक हाताने उतरवून घेणारे संग्राहक, दुसरीकडे सीडीची नावे टाइप करणारे युनिक्सवाले; दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती, काम मात्र एकच होते. फरक इतकाच की संग्राहक आपल्या नोंदीसोबत आधार देत होता, सीडीडीबीच्या नोंदीत तो मागितलाच जात नव्हता.

चौथा कागद मालकीचा. १९९८ मध्ये एस्सिएंट या कंपनीने सीडीडीबी विकत घेतली. लोकांनी फुकट टाइप केलेली नावे आता कंपनीची मालमत्ता झाली. २००० मध्ये तिचे नाव ग्रेसनोट झाले आणि परवाना नसलेल्या प्रोग्रामना २००१ मध्ये साठा बंद करण्यात आला. त्याच वर्षी मे महिन्यात ग्रेसनोटने सीडी लिहिण्याचे सॉफ्टवेअर करणाऱ्या रॉक्सिओवर खटला भरला, कारण रॉक्सिओने तिला सोडून दुसऱ्या साठ्याची वाट धरली होती. तो दुसरा साठा म्हणजे फ्रीडीबी. सीडीडीबीच्या ज्या जुन्या नोंदी खुल्या परवान्याखाली बाहेर पडल्या होत्या, त्यांवर तो उभा होता. पुढचे आकडे या नोंदींची किंमत सांगतात. सोनीने २००८ मध्ये ग्रेसनोट सुमारे २६ कोटी डॉलरना घेतली, मग ती ट्रिब्यून कंपनीकडे गेली आणि तिच्याकडून नील्सनने सुमारे ५६ कोटी डॉलरना घेतली. फ्रीडीबी मॅजिक्स या जर्मन कंपनीकडे गेली आणि २०२० मध्ये बंद पडली.

लोकांच्या नोंदी कंपनीच्या ताब्यात गेल्याचे पाहून रॉबर्ट के याने २००० मध्येच ‘म्युझिकब्रेन्झ’ ही खुली नोंदवही उभी केली. तिने दोन चुका दुरुस्त केल्या. पहिली क्रमांकाची: इथे अंकांची बेरीज नाही, पहिला आणि शेवटचा ट्रॅक, शेवटाची जागा आणि सगळ्या ट्रॅकच्या सुरुवातीच्या फ्रेम एकत्र करून त्यांपासून २८ चिन्हांची खूण काढतात. सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग इकडेतिकडे झाला तरी खूण बदलते, त्यामुळे सारख्या सेकंदांच्या दोन रागांची गल्लत जवळजवळ टळते. दुसरी दुरुस्ती साच्याची: कलाकार, प्रकाशित संग्रह, ध्वनिमुद्रण आणि मूळ रचना यांच्या नोंदी वेगळ्या. रचनेला कवी आणि संगीतकार जोडता येतात, नावाची अनेक रूपे देवनागरीसह नोंदवता येतात. मूळ माहिती सार्वजनिक मालकीची, म्हणून ती विकून कुणी दार लावू शकत नाही. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात झाविएर सेरा यांनी २०११ मध्ये ‘कॉम्पम्युझिक’ हा संशोधन प्रकल्प सुरू केला. मुंबईच्या आयआयटीतल्या प्रीती राव यांचा गटही त्या कामाशी जोडलेला होता. प्रकल्पाने हिंदुस्थानी सीडींची माहिती म्युझिकब्रेन्झमध्ये नोंदवली. आज तिथे रचनेपुढे राग आणि ताल लिहिण्याची जागा आहे. अकरा वर्गांच्या खोक्यांपासून इथवर यायला वीसेक वर्षे लागली.

तरीही या पद्धतीच्या हाताला न लागणारा मोठा साठा आपल्याकडे आहे. शंभर-दीडशे गाणी भरलेली एमपीथ्री सीडी आपल्याकडे भरपूर विकली गेली. संगणकाच्या दृष्टीने ती गाण्यांची तबकडीच नाही, फायलींची आहे. तिच्यात गाण्यांच्या वेळांची अनुक्रमणिका नसते, म्हणून क्रमांक निघत नाही. घरी कॉपी केलेल्या सीडीत लिहिण्याच्या पद्धतीमुळे दोन गाण्यांत दोन-दोन सेकंदांची पोकळी शिरली की पुढच्या सगळ्या सुरुवाती सरकतात आणि मूळ तबकडीशी जुळणी तुटते. अशा वेळी आवाजावरूनच ठसा काढणाऱ्या ‘अकूस्टआयडी’सारख्या सेवा कामी येतात. पण तो ठसाही कुणीतरी आधी नावासकट नोंदवलेला असेल तरच उत्तर देतो.

म्हणून शिरूर-दौंडच्या पट्ट्यातल्या एखाद्या घरात स्थानिक भजनी मंडळाची किंवा कीर्तनाची सीडी असेल, तर तिची ओळख परदेशातल्या सर्व्हरवर आपोआप तयार होणार नाही. ती तयार करायला लागणारा मालमसाला घरातच असतो: अनुक्रमणिकेतल्या वेळा, वेष्टनाच्या कागदावरची कवी, संगीतकार आणि गायकांची नावे, प्रकाशकाचा विक्री क्रमांक, आणि तबकडीच्या आतल्या कड्यावर आरशासारख्या भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, जो सीडीवरही असतो. हे चारही एका नोंदीत एकत्र उतरवले आणि प्रत्येक गोष्ट कुठून घेतली ते सोबत लिहिले, तर ती नोंद उद्या कुणालाही पडताळून पाहता येते. तबकडीचा थर कालांतराने खराब होतो, वेष्टन हरवते. मग वेळांची यादी उरली तरी तिच्यापुढे नाव लिहिणारा कुणी उरत नाही. संगणक फक्त आधी लिहिलेले शोधतो. लिहायचे ते माणसाने, आणि तबकडी हातात आहे तोवरच.